वाद्यवृंदाचे दालन आणि आपला वर्ग

‘सैराट’ हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक नागराज मंजुळे हे सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, आणि चित्रपटाचा बराच भागही त्याच परिसरात चित्रित झालेला. साहजिकच आमच्या सोलापूरकडे त्याची गाणी घरोघरी वाजली. मात्र या गाण्यांमागची एक गोष्ट विज्ञानाच्या शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. संगीतकार अजय-अतुल यांनी गाण्यांतील पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा भाग थेट अमेरिकेत, लॉस एंजलिसजवळच्या कल्व्हर सिटी येथील सोनी स्टुडिओच्या दालनात मुद्रित केला. त्यासाठी साठाहून अधिक वादक एकत्र बसले होते. याच दालनात जॉन विल्यम्स यांनी ‘ई.टी.’ (१९८२) आणि ‘ज्युरासिक पार्क’ (१९९३) या विज्ञानपटांचे संगीत मुद्रित केले होते.

आता प्रश्न असा, की व्हायोलिनचा आवाज संगणकावर एका कळीसरशी मिळत असताना एवढी माणसे आणि एवढे मोठे दालन लागतेच कशाला? या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. एक माणसांच्या संख्येशी निगडित आहे आणि दुसरे खोलीशी. यातले दुसरे उत्तर आपल्या वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत येऊन पोचते.

सोळा व्हायोलिने, पण आवाज सोळापट नाही

एका व्हायोलिनऐवजी सोळा व्हायोलिने वाजवली, तर ध्वनीची शक्ती सोळापट होते. पण आपला कान शक्ती अशी सरळ मोजत नाही. शक्ती दहापट झाली, म्हणजे पातळी १० डेसिबेलने वाढली, की आवाज आपल्याला साधारण दुप्पट वाटतो. सोळापट शक्ती म्हणजे १२ डेसिबेल. म्हणजे पंधरा वादक जादा बसवून आवाज दुपटीहून थोडासाच जास्त झाला! केवळ मोठा आवाज हवा असता, तर ध्वनिवर्धकाची कळ फिरवणे कितीतरी स्वस्त पडले असते.

खरा फायदा वेगळाच आहे. सगळे वादक ४४० हर्ट्झचा स्वर जुळवून घेतात खरे, पण प्रत्यक्ष वाजवताना एकाचा स्वर ४३९ वर असतो, दुसऱ्याचा ४४१ वर. एकाचा गज क्षणभर आधी पडतो, दुसऱ्याचा क्षणभर नंतर. ४४० आणि ४४२ हर्ट्झचे दोन स्वर एकदम वाजले, तर आवाज सेकंदाला दोन वेळा चढतो आणि उतरतो. यालाच विस्पंद म्हणतात. सोळा वादकांचे असे असंख्य बारीक चढ-उतार एकमेकांत मिसळले, की एकही विस्पंद वेगळा ऐकू येत नाही. ऐकू येते ती भरदार, किंचित थरथरती, एकजीव लाट. एकाच वादकाचा मुद्रित आवाज सोळा वेळा तंतोतंत एकावर एक ठेवला, तर तो फक्त मोठा होतो, भरदार होत नाही. वाद्यवृंदाची श्रीमंती अशी वादकांमधल्या लहान लहान फरकांतून येते.

हे वर्गात सहज दाखवता येईल. दोन सारखे नादकाटे घ्या. एकाच्या भुजेला थोडे मेण लावा, म्हणजे त्याची वारंवारता किंचित कमी होईल. दोन्ही एकदम वाजवून विस्पंद मोजायला सांगा. मग एका मुलाला ‘सा’ लावू द्या आणि नंतर वीस मुलांना तोच ‘सा’ एकत्र लावू द्या. फरक मुलेच सांगतील.

खोलीही वाजते

दुसरे उत्तर खोलीचे. वाद्यातून निघालेला ध्वनी सरळ कानाशी येतो, तसाच भिंती, छत आणि जमीन यांवरून परावर्तित होऊनही येतो. ही परावर्तने इतकी दाट असतात, की ती वेगवेगळी न ऐकू येता मूळ आवाजाला शेपटासारखी जोडली जातात. हा झाला निनाद. आवाज बंद केल्यावर त्याची पातळी ६० डेसिबेलने उतरायला लागणाऱ्या वेळाला निनादकाळ म्हणतात.

सोलापूरहून सुमारे शंभर किलोमीटरवर विजापूरचा गोल घुमट आहे. शाळांच्या सहली तेथे नेहमी जातात. १६५६ साली पूर्ण झालेल्या या घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर. ध्वनीला समोर जाऊन परत यायला एक पंचमांश सेकंदाहून जास्त वेळ लागतो, म्हणून टाळीचे प्रतिध्वनी सुटे ऐकू येतात. तेथे टाळी वाजवायला मौज वाटते, पण वाद्यवृंद वाजवला तर नुसता गोंगाट होईल. उलट, उघड्या माळावर परावर्तन जवळजवळ नसते. तेथे व्हायोलिन कोरडे आणि किरटे वाटते. चांगले दालन या दोन टोकांच्या मधले असते.

हे मधले ठिकाण शोधण्याचे शास्त्र एका वर्गखोलीत जन्माला आले! १८९५ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात शिक्षकांचे बोलणेच मुलांना समजेना. तरुण प्राध्यापक वॉलेस सॅबिन यांच्याकडे हे काम आले. शेजारच्या नाट्यगृहातील बैठकांच्या गाद्या आणून ते रात्रीच्या शांततेत त्या खोलीत मांडत, ऑर्गनची नळी वाजवत आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजत. रिकाम्या खोलीत हा वेळ साडेपाच सेकंदांहून अधिक भरला. गाद्या वाढवाव्यात तसा तो घटत गेला. त्यातून एक साधे सूत्र मिळाले:

निनादकाळ (सेकंद) = ०.१६१ × घनफळ (घनमीटर) ÷ एकूण शोषण (चौरस मीटर)

शोषणाचे एकक समजायला सोपे आहे. उघड्या खिडकीतून बाहेर गेलेला ध्वनी परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक एकक. या संशोधनाच्या आधारे बांधलेले बोस्टनचे सिंफनी हॉल १९०० साली खुले झाले. श्रोत्यांनी भरल्यावर तेथील निनादकाळ दोन सेकंदांच्या जरा खाली असतो आणि जगातल्या उत्तम संगीतगृहांत त्याची गणना होते. वर उल्लेख केलेले जॉन विल्यम्स १९८० ते १९९३ या काळात याच सभागृहातील ‘बोस्टन पॉप्स’ वाद्यवृंदाचे प्रमुख होते.

डायनोसॉरचा पाठलाग आणि हलगी

‘ज्युरासिक पार्क’चा दुसरा भाग, ‘द लॉस्ट वर्ल्ड’, १९९७ साली आला. त्याच्या संगीताची ध्वनिमुद्रिकाही त्याच वर्षी निघाली. विल्यम्स यांनी पहिल्या भागातली गाजलेली धून येथे मोजक्याच जागी वापरली आणि पाठलागाच्या प्रसंगांसाठी चर्मवाद्यांवर भर दिला. येथे निनादाची दुसरी बाजू पुढे येते. व्हायोलिनचा लांब स्वर निनादाने खुलतो. पण सेकंदाला आठ आघात पडत असतील, तर एका आघाताचे शेपूट पुढच्या कितीतरी आघातांवर पसरते आणि ठेका बुजतो. म्हणून चर्मवाद्यांजवळ वेगळे मायक्रोफोन ठेवतात, मध्ये पडदे उभे करतात आणि नंतर दोन्ही आवाज हव्या त्या प्रमाणात मिसळतात. आपली हलगी मोकळ्या मैदानात वाजते, तेथे निनाद नसतो, म्हणून तिचा प्रत्येक ठोका लखलखीत ऐकू येतो.

आणखी एक अडचण वेळेची. दालनाच्या दोन टोकांना बसलेल्या वादकांत २० मीटर अंतर असेल, तर सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जाणाऱ्या ध्वनीला ते ओलांडायला ०.०६ सेकंद लागतात. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रे सरकतात, म्हणजे एवढ्या वेळात जवळजवळ दीड चित्र पुढे गेले! डायनोसॉरचा पाय आणि ढोलाचा ठोका एकदम पडायचा, तर शेजाऱ्याचे ऐकून वाजवणे पुरत नाही. म्हणून वादक संचालकाच्या हाताकडे पाहतात आणि कानाला लावलेल्या श्रवणयंत्रातून येणाऱ्या टिकटिकीवर वाजवतात.

शेवटच्या बाकावर काय पोचते?

आपल्या बोलण्यातही लांब स्वर आणि आघात असतात. ‘आ’, ‘ई’ हे स्वर लांब आणि जोरकस, तर ‘प’, ‘क’, ‘त’ ही व्यंजने क्षणभराची आणि दुबळी. घुमणाऱ्या खोलीत आधीच्या स्वराचे शेपूट पुढच्या व्यंजनावर पडते. मग ‘पाणी’, ‘वाणी’, ‘गाणी’ यांतला फरक मागच्या मुलाला कळत नाही. शिक्षक आवाज चढवतात, पण त्याने शेपूटही तितकेच मोठे होते आणि घसा मात्र बसतो.

सॅबिनचे सूत्र आपल्या वर्गाला लावून पाहू. ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३.५ मीटर उंच खोलीचे घनफळ १६८ घनमीटर. सर्व पृष्ठभाग मिळून १९४ चौरस मीटर. गिलावा आणि फरशी पडलेल्या ध्वनीचा सुमारे तीन टक्केच भाग शोषतात, म्हणजे दारे-खिडक्या बंद असताना एकूण शोषण जेमतेम ६. निनादकाळ आला साडेचार सेकंद. वर्गात ५० मुले बसली आणि प्रत्येकाचे शोषण ०.४ धरले, तर एकूण २६ होऊन निनादकाळ एका सेकंदावर येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वर्गात तो सुमारे ०.६ सेकंद हवा.

आता मागची भिंत, सुमारे २० चौरस मीटर, जुन्या वाकळांनी किंवा चुण्या पाडून टांगलेल्या सोलापुरी चादरींनी झाका. भिंत आणि कापड यांत चार बोटे अंतर ठेवा. निम्मा ध्वनी शोषला गेला असे मानले, तर शोषण १० ने वाढून ३६ होते आणि निनादकाळ पाऊण सेकंदापर्यंत उतरतो. दोन खिडक्या उघडल्या, तर आणखी थोडा. बाहेर रहदारी असेल तर मात्र खिडक्यांचा उपाय उलटतो.

हा प्रयोग मुलांकडूनच करवून घ्यावा. खोली मोजणे, घनफळ काढणे, भागाकार करणे, हे सारे सातवी-आठवीच्या गणितातलेच आहे. रिकाम्या आणि भरलेल्या वर्गात एकेक फुगा फोडा, मोबाइलवर आवाज मुद्रित करा आणि तो विरायला लागलेला वेळ ताडून पाहा. मग ‘पाणी, वाणी, गाणी, राणी’ असे तीस शब्द फळ्यापाशी उभे राहून, पाठ फिरवून, नेहमीच्या आवाजात सांगा आणि शेवटच्या बाकावरच्या मुलांना लिहायला लावा. चादरी टांगण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या चुका मोजून तक्ता करा. ज्यांना आपण ‘लक्ष देत नाही’ म्हणून रागावतो, त्यांच्यापैकी काहींचा दोष लक्षाचा नसून भिंतींचा आहे, हे त्या तक्त्यावरून कळू शकेल.