वृद्धांचे वर्ष कोणत्या पंचांगाने मोजायचे?

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ, पेढी नदीच्या परिसरात, गाडगेबाबांनी शेवटचा श्वास घेतला. १८७६चा जन्म; म्हणजे ऐंशीव्या वर्षीही हा माणूस वाटेवरच होता. त्यांच्या नावाचा वृद्धाश्रम आज वलगावात आहे आणि त्यांच्या दशसूत्रीत अंध, पंगू, रोगी यांच्या औषधोपचाराला स्वतंत्र जागा आहे. त्यामुळे वार्धक्य आणि आरोग्य यांवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या, परिचारिकांच्या, फिजिओथेरपिस्टांच्या संघटना वर्षभर नेमके काय करतात, हे तपासायला वलगावइतके योग्य गाव सापडणे कठीण. तपासू गेले की एक गोष्ट ठळक दिसते. या मंडळींचे वर्ष दिनविशेषांवर चालते आणि वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या माणसाचे वर्ष ऊन, पाणी आणि वावरातल्या हंगामावर. या दोन पंचांगांचा मेळ बसलेला नाही.

दिनविशेष कमी नाहीत. ७ एप्रिलला जागतिक आरोग्य दिन, १५ जूनला वृद्धांच्या छळाविरुद्धचा जागृती दिन, २१ सप्टेंबरला अल्झायमर दिन. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९०च्या डिसेंबरात ठराव केला आणि पुढच्या वर्षापासून १ ऑक्टोबर हा ज्येष्ठांचा दिवस झाला. त्या दिवशी शाल, श्रीफळ, एखादे व्याख्यान आणि रक्तदाब-साखर तपासणीचे शिबिर, हा साचा ठरून गेला आहे. त्याखेरीज जेरिॲट्रिक सोसायटी ऑफ इंडियासारख्या संस्थांची वार्षिक परिषद असते. १९८०पासून काम करणाऱ्या ‘फेस्कॉम’ या राज्यभरच्या ज्येष्ठ नागरिक संघांच्या महासंघाची अधिवेशने होतात. या उपक्रमांना निरर्थक म्हणणे अन्याय होईल. राज्याच्या २०१८च्या धोरणाने ज्येष्ठ नागरिकाचे वय ६५वरून ६०वर आणले, त्यामागे संघांचा वर्षानुवर्षांचा रेटा होता. मात्र मागणी पुढे नेण्याचे काम वेगळे आणि प्रकृती सांभाळण्याचे वेगळे. दुसऱ्या कामाला तारीख पुरत नाही, त्याला वही लागते. शिबिरात एकदा मोजलेल्या रक्तदाबावरून निदान पक्के होत नाही. तो पुन्हा मोजावा लागतो. मिळालेली पंधरा दिवसांची गोळी सोळाव्या दिवशी कुठून आणायची, याचे उत्तर शिबिराच्या फलकावर नसते.

आता वऱ्हाडाचे पंचांग पाहा. एप्रिल-मेमध्ये अकोला-अमरावतीचा पारा ४५ अंशांच्या आसपास फिरतो. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, घाम कमी येतो आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीरातले पाणी आणखी घटते. गोळी तीच, मात्रा तीच, पण जानेवारीत जी सोसते ती मे महिन्यात चक्कर आणू शकते. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर प्रत्येक वृद्धाच्या औषधांची यादी डॉक्टरने पुन्हा पाहणे हा खरा वार्षिक उपक्रम होय, आणि त्याचा महिना मार्च. पाण्याची गोष्ट त्याहून अवघड. वलगावजवळून वाहणारी पेढी पुढे पूर्णेला मिळते आणि त्या खोऱ्यात भातकुली, दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर हा खारपाणपट्टा पसरला आहे. जिथे नळयोजनेचे पाणी नियमित येत नाही तिथे विहिरीचे, बोअरचे खारे पाणी पोटात जाते. रक्तदाबाच्या रोग्याला मीठ कमी खा म्हणून सांगणारा डॉक्टर त्याच्या माठातल्या मिठाचा हिशेब धरत नसेल, तर तो सल्ला अपुराच. मूत्रपिंडाच्या आजारांच्या तक्रारी या पट्ट्यात जुन्या आहेत; पाणी आणि वृद्धांचा रक्तदाब यांची गावनिहाय, सलग काही वर्षांची नोंद इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी ठेवावी, याहून मोलाचा परिषदेचा विषय मला तरी दिसत नाही. पुढे पावसाळ्यात निसरड्या अंगणातले पडणे आणि मांडीच्या हाडाचे मोडणे आले. ऑक्टोबरपासून सोयाबीन काढणी, मग कापसाची वेचणी. घरातले हातपाय चालणारे सगळे वावरात आणि म्हातारी दिवसभर एकटी. आपण सत्कार करतो नेमका त्याच महिन्यात.

वार्धक्याचे वैद्यक जन्मले कुठे, हेही इथे आठवावे. १९३५मध्ये लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात मार्जोरी वॉरेन या डॉक्टरीणबाईंकडे शेजारच्या अनाथ-निराधारांच्या आश्रमातले शेकडो खाटेला खिळलेले रोगी आले. त्यांनी प्रत्येकाची तपासणी केली, निदान लिहिले, भिंतींना रंग दिला, उजेड वाढवला, रोग्यांना उठवून चालायला लावले. बरे न होणारे म्हणून सोडून दिलेल्यांतले पुष्कळजण घरी गेले. १९४७मध्ये ब्रिटनमध्ये वृद्धांच्या वैद्यकाची जी संघटना उभी राहिली, तिच्या मुळाशी हा अनुभव आहे. म्हणजे या शास्त्राची सुरुवात वृद्धाश्रमाच्या खाटांपाशी, एकेका रोग्याच्या नोंदीतून झाली. अधिवेशने नंतर आली.

यावर पहिला आक्षेप असा, की वृद्धवैद्यकातले तज्ज्ञ खेड्यात आणायचे कुठून? आक्षेप खरा आहे, पण तज्ज्ञावाचून अडणारे काम वाटते त्याहून थोडे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७पासून सुचवलेल्या पद्धतीत स्मरण, चालणे, पोषण, नजर, ऐकणे आणि मनाची उदासी एवढ्या सहा गोष्टी पाहायच्या असतात. चालण्याची चाचणी तर फारच सोपी: हातांचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठायचे. चौदा सेकंदांहून जास्त लागले तर पुढची तपासणी. एक खुर्ची आणि एक घड्याळ! आशाताई हे करू शकते. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने खेड्यातल्या बायकांना शिकवून नवजात बालकांचे मृत्यू कमी करून दाखवले आणि ते काम १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले; तेव्हा विदर्भाला या वाटेची ओळख नव्याने करून द्यायला नको. घरोघर जाणारी, शिकवलेली बाई बाळासाठी उपयोगी पडते तर आजीसाठी का नाही?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आधी पैसा, मग तपासणी. श्रावणबाळ योजनेचे दीड हजार रुपये वेळेवर हातात पडत नसतील तर खुर्चीवरून उठण्याचे सेकंद मोजून काय साधणार? यात तथ्य आहे. पण अंगातली ताकद टिकली तर तेच पैसे जास्त दिवस पुरतात. पडल्यावरची शस्त्रक्रिया, मग नागपूरच्या खेपा, यांत घरातली बैलजोडी जाते. शिवाय २०१७-१८च्या देशव्यापी ‘लासी’ पाहणीत साठीपुढच्या सुमारे ७५ टक्के लोकांना एखादा तरी जुनाट आजार आढळला. एवढ्या मोठ्या ओझ्याला निव्वळ मदतीच्या रकमेने उत्तर मिळणार नाही. ‘आमच्याकडे मुले सांभाळतात’ हा तिसरा युक्तिवाद मी फार लांबवत नाही. मुले पुण्यात आहेत, आणि ज्या घरांत कर्ता मुलगाच कर्जापायी गेला तिथे सत्तरीचे आईबापच नातवंडांना सांभाळत आहेत. सत्काराने एकटेपणा हलका होतो असे म्हणतात. होतो, पण तेवढ्या दुपारपुरता.

नवे काही मागायचीही गरज नाही, कागदावर सारे आहे. ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या २००७च्या कायद्याने शासकीय रुग्णालयांत त्यांच्यासाठी शक्यतो खाटा आणि स्वतंत्र रांगेची तरतूद केली. २०१०-११मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या टप्प्यात वर्धा, वाशीम यांच्याबरोबर अमरावती जिल्हाही होता. त्या कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा कक्ष, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांचा दवाखाना आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी उपकेंद्रातून घरभेट अशी रचना ठरली. तेव्हा ज्येष्ठ नागरिक संघांनी आणि डॉक्टरांच्या संघटनांनी यंदा एवढेच करावे: आपल्या केंद्रात वृद्धांच्या दवाखान्याचा वार कोणता, हे विचारावे, तो दारावर लिहून घ्यावा आणि मार्च संपायच्या आत गावातल्या प्रत्येक सत्तरीपुढच्या माणसाच्या औषधांची यादी डॉक्टरसमोर ठेवावी.