काळा दगड, पिवळा दगड आणि छातीतली धूळ

जात्याला टाकी लावायला दारोदार फिरणाऱ्या बायका आता दिसत नाहीत. दळून दळून गुळगुळीत झालेल्या तळ्यांवर त्या छिन्नी-हातोडीने खाचा पाडत आणि जाते पुन्हा धान्य धरू लागे. ते जाते, पाटा-वरवंटा, देवळापुढची दीपमाळ, गडाचा बुरूज, वेरूळचे कैलास लेणे, हे सगळे एकाच काळ्या दगडाचे. त्याचे नाव बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचले आणि आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले दख्खनचे पठार तयार झाले.

मुंबईतल्या व्हिक्टोरियन काळातल्या अनेक इमारतींचा दगड मात्र फिकट, पिवळसर आहे. त्याला मालाड दगड म्हणतात. तोही लाव्हाचाच. मढ, मनोरी, गोराईच्या किनारपट्टीत असे फिके ज्वालामुखी खडक सापडतात, ट्रॅकाइट आणि रायोलाइट. त्यातला रायोलाइट हा बेसॉल्टच्या अगदी दुसऱ्या टोकाचा.

या दोघांत फरक पाडते ती सिलिका. बेसॉल्टमध्ये ती वजनाने ४५ ते ५२ टक्के, रायोलाइटमध्ये साधारण ७० टक्के किंवा त्याहून जास्त. बेसॉल्टमध्ये लोह आणि मॅग्नेशियम भरपूर, म्हणून तो काळा आणि जड. रायोलाइटमध्ये ते कमी, म्हणून तो फिका. स्वभावही यावरूनच ठरतो. बेसॉल्टचा लाव्हा हजार ते बाराशे अंश सेल्सियसचा आणि पातळ. तव्यावर धिरड्याचे पीठ पसरावे तसा तो दूरवर पसरतो. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या म्हणजे एकावर एक घातलेली ही धिरडीच. रायोलाइटचा लाव्हा त्यापेक्षा थंड आणि पक्क्या पाकासारखा चिकट. आतल्या वायूला वाट मिळत नाही आणि शेवटी कुकरचे झाकण उडावे तसा स्फोट होतो. चिलीतल्या चाईतेन ज्वालामुखीने २००८ साली हेच केले. टाच घासायचा, पाण्यावर तरंगणारा प्युमिस दगड हा बहुधा अशाच लाव्हाचा फेस असतो.

वैद्यकशास्त्राला या टक्केवारीत रस आहे तो एका वेगळ्याच कारणाने. बेसॉल्टमधली सिलिका बहुतांश इतर खनिजांत बांधलेली असते. रायोलाइटमध्ये ती उरते आणि क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीच्या स्फटिकांच्या रूपात मोकळी बसते. दगड फोडताना, कापताना, घासताना या स्फटिकांची इतकी बारीक पूड उडते की ती डोळ्याला दिसत नाही आणि नाकातही अडकत नाही. थेट फुप्फुसाच्या वायुकोशांत जाते. तिथल्या रक्षक पेशी ती गिळतात, स्वतः मरतात, पूड पुन्हा मोकळी होते आणि नव्या पेशी ती गिळायला येतात. या रेट्यात फुप्फुसात कडक गाठी धरतात. हा सिलिकोसिस. तो बरा करणारे औषध नाही, आणि काम सोडल्यावरही तो वाढू शकतो.

मग आपला काळा दगड निर्धोक समजायचा का? खडी क्रशरवर दिवसभर उभ्या असणाऱ्या माणसाला तसे सांगणे धोक्याचे ठरेल. मोकळा क्वार्ट्झ कमी असला तरी कोणतीही दगडी धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की खोकला आणि दम लावतेच. शिवाय बेसॉल्टच्या पोटात पोकळ्या असतात. लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या त्या जागांत पुढे पाण्याबरोबर आलेली सिलिका साचली आणि त्यातून अकीक तयार झाला. अकीक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. गुजरातेत खंभातला त्याचे मणी घासण्याचा धंदा फार जुना आहे, आणि तिथल्या कारागिरांमधला सिलिकोसिस अभ्यासकांना चांगला परिचित आहे. काळ्या दगडाने पोटात जपलेली ही रंगीत खडी त्याच्याहून कितीतरी घातक निघाली.

रोग ओळखण्यात सर्वांत मोठी अडचण क्षयाची. सिलिकोसिसच्या सावल्या एक्स-रेवर फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतात, क्षयाच्याही बहुधा तिथेच. त्यात सिलिकोसिस झालेल्याला क्षय होण्याची शक्यताही कितीतरी जास्त. त्यामुळे दगडकाम करणारा माणूस क्षयाची औषधे पुन्हा पुन्हा घेत राहतो, दम मात्र वाढतच जातो, आणि तो काम काय करतो हे केसपेपरवर कुठेच नसते. फार तर ‘मजूर’ एवढे लिहिलेले असते. कसला मजूर, कोणता दगड, कोरडा कापतो की पाणी मारून, किती वर्षे, हे चार प्रश्न विचारायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

धूळ उडण्याआधीच दाबणे हाच खरा उपाय. पात्यावर पाण्याची धार, यंत्राजवळ धूळ ओढून घेणारी नळी आणि त्यानंतर चेहऱ्यावर नीट बसणारा एन-९५ मास्क. तोंडाला बांधलेला रुमाल या पुडीला अडवत नाही. कायद्यानुसार सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेला आजार आहे आणि ती जबाबदारी उपचार करणाऱ्या डॉक्टरवरही आहे. पण अकीक घासण्याचे चाक पुष्कळदा घरातच असते. तिथे कारखाना नसतो, तपासणीस येत नाही, आणि पूड चाकावर बसलेल्याबरोबरच शेजारी चूल पेटवणारीच्या आणि पाळण्यातल्या मुलाच्याही छातीत जाते.