जुन्या जीपचे अस्थिविकार

२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. त्या दशकात महिंद्रांची विलीज जीप दमणगंगेच्या खोऱ्यासारख्या पावसाळी, चढउताराच्या मुलखाला साजेशी गाडी होती. अशी जीप आज कोणी जतन करीत असेल, तर तिची तपासणी आपल्या व्यवसायबंधूंना परकी वाटू नये. गिअरचा दांडा थरथरतो, क्लच सोडताना गाडी हिसके देते, ब्रेक लावताच पंखा रेडिएटरला घासतो, ही लक्षणे. निदान बहुधा इंजिन माउंटिंगच्या झिजलेल्या रबराचे. गळक्या ऑइलने रबर फुगून मऊ पडते. म्हणून आधी गळती थांबवावी, मगच रबरे बदलावीत, तीही जोडीने.

चासीचा विकार अधिक छुपा. सांध्यांत साचलेला चिखल आतून गंज धरवतो. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. फरक आढळल्यास ती वाकली आहे. तडा असल्यास त्याच्या टोकाला छिद्र पाडावे, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग खाच करून वेल्डिंग व वर पट्टी. पट्टीची टोके तिरकी कापावीत, अन्यथा नवा तडा तिच्या कडेलाच जातो.

आणि हो, या जीपची पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली असते. वेल्डिंगपूर्वी ती उतरवल्याचे स्वतः पाहावे. कोणाच्या शब्दावर राहू नये.