शाळेचा हिशेब पालकांच्या कानी पडू द्या

जून उजाडला की घराघरांत एकच लगबग सुरू होते. वह्यांना कव्हरे घालायची, दप्तराची चेन दुरुस्त करून आणायची, रिक्षावाल्या काकांना वेळ सांगायची. शाळेकडूनही निरोपांचा पाऊस पडू लागतो. पूर्वी ते डायरीत लिहून येत, आता आईबाबांच्या मोबाइलवर येतात. बुटांचा रंग, डब्यात काय द्यावे, फी भरण्याची शेवटची तारीख, सहलीची वर्गणी असे सारे त्यात असते. मात्र तीन गोष्टींविषयी शाळा आपणहून फारसे बोलत नाही. आपले मूल तेथे सुरक्षित राहावे म्हणून काय केले आहे? शाळेला पैसा किती मिळाला आणि तो कशावर खर्च झाला? आणि जे मूल मागे पडते, त्याला हात कोण देतो?

हे विचारण्याचा अधिकार पालकांना आहे का, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. तो आहे, आणि कायद्यानेच दिला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील २१ व्या कलमाने सरकारी, पालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती बंधनकारक केली. या समितीत किमान तीनचतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि मिळालेल्या अनुदानाचा विनियोग तपासणे ही तिची कामे. (अनुदानित खासगी शाळांत ही समिती २०१२ च्या दुरुस्तीनंतर केवळ सल्लागार राहिली आहे.) म्हणजे बांधकाम मजुराची बायको असो की किराणा दुकानदार, शाळेच्या हिशेबाची वही उघडून पाहण्याचा मान कायद्याने त्यांना दिला आहे. वही मात्र बहुतेक ठिकाणी कपाटातच राहते.

मी दोन वर्षे जिल्हा परिषदेच्या एका शाळेच्या समितीत सदस्य होते. पट ८६. सभा कशी व्हायची? शिपाई सह्यांची वही घेऊन दारोदार यायचा. भाकरी थापता थापता बायका पिठाच्या हाताने सही करायच्या. इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ हे दोन शब्द आधीच लिहून ठेवलेले असायचे. यात कोणाची लबाडी होती असे मी म्हणणार नाही. मुख्याध्यापकांच्या मागे माहिती भरण्याचा एवढा तगादा असे की सभा हे त्यांच्या दृष्टीने आणखी एक रकाना भरण्याचे काम झाले होते.

आम्ही दोघीतिघींनी एकच आग्रह धरला. सभा शाळेच्या पटांगणात, संध्याकाळी, बायका रानातून परतल्यावर घ्यावी आणि जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवावा. मुख्याध्यापक आधी नाराज झाले, पण वाचला. समग्र शिक्षा योजनेत शाळेला पटाप्रमाणे संयुक्त शाळा अनुदान मिळते. ३१ ते १०० पटाच्या शाळेसाठी ते वर्षाला २५ हजार रुपये आहे. त्यातील किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. आकडा ऐकून एक आजोबा म्हणाले, “पंचवीस हजार? मग एवढा पैसा जातो कुठं?” मग आम्ही तेथेच हिशेब मांडला. मुलामागे वर्षाला तीनशे रुपयेही पडत नाहीत. शाळेचे दिवस दोनशे धरले, तर साऱ्या शाळेला दिवसाला १२५ रुपये. त्यात खडू, रजिस्टरे, वीज, किरकोळ दुरुस्ती. स्वच्छतेच्या वाट्याला दिवसाला साडेबारा रुपये! आजोबा गप्प झाले. त्या दिवसापासून गावातली ‘मास्तर पैसे खातो’ ही कुजबुज बरीच कमी झाली. हिशेब उघड केल्याचा पहिला फायदा असा शिक्षकांनाच झाला.

दुसरा फायदा मुलींचा झाला. मजुरीला जाणाऱ्या एका बाईंनी आधी “आम्हाला काय कळतंय त्यातलं?” म्हणून तोंडाला पदर लावला होता. आकडे वाचून झाल्यावर त्याच उठल्या आणि म्हणाल्या, “पैसं आलं तर पोरींच्या संडासाला कुलूप कशापायी?” कुलूप होते, कारण आत पाणी नव्हते. पाणी नव्हते, कारण टाकीपासूनचा नळ फुटला होता. मोठ्या मुली दुपारी घरी जात आणि पुष्कळदा परत येतच नसत. हजेरीत त्या अर्धा दिवस गैरहजर दिसत, पण कारणाचा रकाना हजेरीपटात नसतो. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मुला-मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि कुंपण यांचा स्पष्ट उल्लेख आहे. आठ दिवसांत नळ बसला आणि किल्ली स्वयंपाकी ताईंकडे आली.

सुरक्षिततेची गोष्ट याहून गंभीर आहे. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेला आग लागून ९४ मुले मृत्युमुखी पडली. त्यानंतर पाच वर्षांनी, २००९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित शाळेत शिकणे हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. तरीही २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात शाळेचे छत कोसळून सात मुले गेली. आपल्याकडेही जुन्या वर्गखोल्यांच्या निर्लेखनाचे प्रस्ताव टेबलावरून टेबलावर फिरत असतात. आमच्याही शाळेत एका खोलीच्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग होती. “वर कळवले आहे,” हे उत्तर आम्ही वर्षभर ऐकले. शेवटी समितीने ठराव केला की प्रस्तावाचे काय व्हायचे ते होवो, उद्यापासून त्या खोलीत मूल बसणार नाही. दोन वर्ग समाजमंदिरात भरू लागले. खोली पाडण्याचा आदेश पुढे सात महिन्यांनी आला. ते सात महिने त्या भेगेखाली मुले बसली नाहीत, एवढे श्रेय मी त्या कागदाच्या तुकड्याला देते.

भिंतीची भेग निदान दिसते. न दिसणारी भीती वेगळीच. ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरच्या घटनेने राज्यातील प्रत्येक आईची झोप उडवली. त्यानंतर शासनाने सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी यांविषयी आदेश काढले. सखी सावित्री समिती तर २०२२ पासूनच शाळांत असणे अपेक्षित होते. आदेश आले, पेट्या लागल्या. पण पेटी उघडते कोण, किती दिवसांनी आणि कोणाच्या समक्ष, हे पालकांनी विचारले पाहिजे. आणखी एक गोष्ट प्रत्येक घराला ठाऊक हवी. बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांसंबंधीच्या २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्यानुसार असा प्रकार कळूनही पोलिसांना न कळवणे हा गुन्हा आहे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचे कृत्य दडवले, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘शाळेची बदनामी नको’ ही सबब कायदा मानत नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक दप्तराच्या आतल्या कप्प्यात लिहून ठेवावा.

आता आधाराविषयी. आठवीपर्यंतची पाठ्यपुस्तके, गणवेश, दुपारचे जेवण हे मुलांचे हक्क आहेत. आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण ठरले आहे. गणवेशाचे उदाहरण तर बोलके आहे. २०२४-२५ मध्ये गणवेशाचे काम समित्यांकडून काढून राज्यपातळीवर नेण्यात आले. कापड, शिलाई, मापे यांचा घोळ झाला आणि पुष्कळ मुले जुन्याच कपड्यांत शाळेत आली. पुढच्या वर्षापासून हा अधिकार पुन्हा समित्यांकडे सोपवण्यात आला. गावच्या मुलाच्या खांद्याचे माप गावातल्या शिंप्याला जेवढे कळते, तेवढे मुंबईतून कळत नाही.

‘आमची मुले खासगी शाळेत आहेत, आम्हाला याचे काय?’ असे म्हणणाऱ्या वाचकांनाही मोकळीक नाही. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने खासगी शाळांत वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन करणे आवश्यक ठरवले आहे. त्याची कार्यकारी समिती इच्छुक पालकांतून सोडत काढून निवडायची असते आणि फीवाढीचा प्रस्ताव तिच्यापुढे यावा लागतो. शाळेच्या बससाठी परिवहन समिती असते, तीतही पालकांचा प्रतिनिधी असतो. आपल्या शाळेत तो कोण आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल?

यासाठी मोर्चा काढावा लागत नाही. शाळेच्या फलकावर दर तीन महिन्यांनी एक कागद लागावा, एवढीच मागणी पुरेशी आहे. पैसा किती आला, किती खर्च झाला. इमारत, वीज, पाणी यांची तपासणी कधी झाली. तक्रारपेटी कधी उघडली. समितीचे सदस्य कोण. चार ओळी, साध्या मराठीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तोच कागद सभेत मोठ्याने वाचावा. चांगल्या मुख्याध्यापकाला याचे ओझे वाटणार नाही. ज्याला वाटेल, त्याच्या शाळेत तर तो कागद आधी लागला पाहिजे. पुढच्या पालक सभेचा निरोप येईल तेव्हा ‘वेळ नाही’ म्हणून तो बाजूला सारू नका. प्रगतिपुस्तकावर सही झाल्यावर दहा मिनिटे थांबा आणि हा एक कागद मागा.