नफा वहीत, पैसा पार्टीकडे

दिवाळीच्या आधीचे दोन-तीन आठवडे भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही लहान शेडमध्ये जा, मालक फोनवरच सापडेल. ‘साहेब, जुलैचं बिल अजून पास झालं नाही.’ ‘साहेब, निदान निम्मे तरी टाका, पोरांचा बोनस द्यायचाय.’ पलीकडची उत्तरं ठरलेली असतात. सही व्हायचीय, मोठे साहेब रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात बघू. शेडमध्ये दोन लेथ, एक सीएनसी, जमलंच तर एक व्हीएमसी आणि आठ-दहा माणसं. ऑर्डर आहे, माल वेळेवर जातो, बिलात चार पैसे सुटतातही. तरी बोनस वाटायला मालकाला पतसंस्थेत सोनं ठेवावं लागतं.

छोट्या उद्योगाच्या अडचणी विचारल्या की भांडवल, कुशल कामगार, गाळ्याचं भाडं, वीजबिल, स्पर्धा, सरकारी कागदपत्रं अशी लांबलचक यादी ऐकायला मिळते. यातलं काहीच खोटं नाही. पण यादीतल्या बऱ्याच गोष्टींचा माग काढत गेलं की आपण एकाच जागी येतो: केलेल्या कामाचा पैसा वेळेवर येत नाही. पगार लांबतो म्हणून चांगला ऑपरेटर शेजारच्या शेडमध्ये जातो. पोलाद उधारीवर घ्यावं लागतं म्हणून ते महाग पडतं. बँकेतलं सीसी (कॅश क्रेडिट) खातं कायम मर्यादेला टेकलेलं असतं म्हणून नव्या मशीनचा विषय निघत नाही. म्हणून या लेखात मी बाकीच्या अडचणी जवळजवळ बाजूला ठेवून थकलेल्या येण्याबद्दलच लिहिणार आहे. यावरचे उपाय पुष्कळसे छोट्या उद्योजकाच्या हातात आहेत आणि त्यांची माहिती फार थोड्यांना आहे.

आधी आकडे पाहू. समजा, एका शेडची महिन्याची बिलं सहा लाखांची आहेत आणि पार्टी, म्हणजे माल घेणारी कंपनी, ९० दिवसांनी पैसे देते. म्हणजे कुठल्याही दिवशी अठरा लाख रुपये बाहेर अडकलेले असतात. ही पोकळी सीसीमधून भरली आणि व्याज बारा टक्के धरलं, तर वर्षाला दोन लाख सोळा हजार, म्हणजे महिन्याला अठरा हजार रुपये केवळ थांबण्यासाठी जातात. एका मशीन ऑपरेटरच्या पगाराएवढी ही रक्कम आहे आणि ती दर कोट करताना कुणीच धरत नाही. त्यात जीएसटीची भर पडते. सहा लाखांवर अठरा टक्क्यांनी एक लाख आठ हजारांचा कर झाला. कच्च्या मालावरचं समजा त्रेसष्ट हजारांचं क्रेडिट वजा केलं, तरी पंचेचाळीस हजार उरतात. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याला ते पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत सरकारजमा करावे लागतात. पार्टीने बिल दिलंय की नाही, हे तिथे कुणी विचारत नाही. न आलेल्या पैशावरचा कर खिशातून भरायचा आणि त्या खिशासाठी पुन्हा बँकेकडे जायचं, असा हा फेरा आहे.

इचलकरंजीच्या खर्चीवाल्या यंत्रमागधारकाचं गणित दिसायला वेगळं असलं तरी दुखणं हेच. सूत व्यापाऱ्याचं, माग याचा, मजुरी पिकावर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर. कामगाराचा पगार आणि विजेचं बिल ठरल्या दिवशी द्यावंच लागतं. मजुरी मात्र व्यापाऱ्याच्या सवडीने येते.

पैसे का अडकतात, याचं सोपं उत्तर ‘मोठे लोक लबाड असतात’ असं दिलं जातं. काही असतातही. पण बरीच बिलं लबाडीपेक्षा गोंधळात अडकतात. माल गेटवर उतरतो, चलनावर शिक्का बसतो, मग स्टोअर, मग क्वालिटी, मग जीआरएन (माल मिळाल्याची नोंद), मग अकाउंट्स. या साखळीत एखादा आकडा जुळला नाही, पीओ (खरेदी-आदेश) नंबर चुकला किंवा बिलावरचा दर जुन्या पीओचा निघाला, की बिल एका ट्रेमध्ये पडून राहतं. ते पडून आहे हे छोट्या उद्योजकाला ९० दिवस उलटल्यावर कळतं, कारण तोवर त्याने विचारलेलंच नसतं. मागणं आपल्याकडे कमीपणाचं मानतात. ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी दुकानात लावणारा माणूससुद्धा ओळखीचं गिऱ्हाईक आलं की पाटीकडे पाठ करतो.

म्हणून पहिला उपाय साधा आहे. माल पोचल्यानंतर आठवड्याभरात एक फोन करायचा आणि त्यात पैशांचं नावही काढायचं नाही. ‘जीआरएन झाला का? बिलात काही दुरुस्ती हवी आहे का?’ एवढंच विचारायचं. हा फोन मालकाने स्वतः करण्यापेक्षा हिशेब बघणाऱ्या व्यक्तीने केलेला बरा, कारण मालक बोलला की विषय नात्याकडे वळतो. अनेक घरांत हे काम बायको किंवा मुलगी करते आणि माझ्या पाहण्यात त्या ते अधिक नेटाने करतात. पीओ हातात आल्यावर दराइतकंच लक्ष मुदतीच्या ओळीवर द्यायचं. मुदत लिहिलेलीच नसेल तर काम सुरू करण्याआधी ती लिहून घ्यायची.

आता कायदा. ‘सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्यम विकास अधिनियम, २००६’ या लांबलचक नावामुळे तो कुणी वाचत नसावं, पण त्यातली कलमं १५ ते २४ प्रत्येक वर्कशॉपच्या भिंतीवर लावावीत अशी आहेत. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाने माल किंवा सेवा दिली आणि लेखी करार नसेल, तर खरेदीदाराने पंधरा दिवसांत पैसे दिले पाहिजेत. करार असेल तर करारातल्या मुदतीत, पण ती मुदत कुठल्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. पीओवर ९० दिवस छापलेले असले तरी कायद्याच्या लेखी ते पंचेचाळीसच. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज लागतं आणि ते दर महिन्याला चक्रवाढ होत जातं. बँक रेट साडेपाच टक्के धरला तरी हा दर साडेसोळा टक्क्यांवर जातो. शिवाय हे व्याज देणाऱ्याला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही.

याच कायद्यात रिजेक्शनबद्दलची एक तरतूद आहे. माल उतरल्यापासून पंधरा दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल मिळाला त्याच दिवशी तो स्वीकारला असं धरलं जातं. दोन महिन्यांनी पैसे मागितल्यावर अचानक ‘तुमच्या लॉटमध्ये बर (कडेला राहिलेला खरखरीत धातू) होती’ असं ऐकवलं जातं तेव्हा ही तरतूद कामाला येते. फक्त माल पोचल्याची तारीख सिद्ध करता आली पाहिजे. म्हणून चलनावरचा इनवर्डचा शिक्का आणि तारीख सोन्यासारखी जपावी.

या संरक्षणासाठी उद्यम नोंदणी हवी. १ जुलै २०२० पासून ती ऑनलाइन, आधारवर आणि पूर्णपणे मोफत होते. त्यासाठी हजार-दोन हजार मागणारे एजंट शहरभर आहेत, त्यांची गरज नाही. १ एप्रिल २०२५ पासून व्याख्याही रुंदावल्या आहेत. यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असेल तर उद्योग सूक्ष्म. पंचवीस कोटी आणि शंभर कोटींपर्यंत लघु. नोंदणी ऑर्डर घेण्याआधीच केलेली असावी. पैसे थकल्यावर धावत जाऊन नोंदणी केली, तर आधीच्या व्यवहाराला संरक्षण मिळतं का, यावर न्यायालयांत वाद झाले आहेत. नोंदणी क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा, म्हणजे ‘तुम्ही एमएसएमई आहात हे माहीत नव्हतं’ हे उत्तर आपोआप बंद होतं.

एक मर्यादा मात्र आहे. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. थकलेल्या पैशांचं संरक्षण त्यांना लागू होत नाही. दुकानदाराला आपली उधारी स्वतःच्या शिस्तीनेच सांभाळावी लागते.

पैसे आलेच नाहीत तर सूक्ष्म आणि लघु उद्यम सुलभीकरण परिषदेकडे अर्ज करता येतो. महाराष्ट्रात या परिषदा विभागवार आहेत आणि २०१७ मध्ये ‘समाधान’ हे पोर्टल आल्यापासून घरबसल्या अर्ज होतो. आधी समेटाचा प्रयत्न होतो. तो फसला तर लवाद. कायद्यात नव्वद दिवसांत निकाल द्यावा असं म्हटलंय, प्रत्यक्षात त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो. पण निकाल विरोधात गेला आणि खरेदीदाराला तो न्यायालयात आव्हान द्यायचा असला, तर आधी रकमेच्या पंचाहत्तर टक्के भरावे लागतात. त्यामुळे पुष्कळ प्रकरणांत नुसती नोटीस पोचल्यावर बोलणी सुरू होतात.

२०२३ च्या अर्थसंकल्पाने आयकरात कलम ४३बी(एच) घातलं आणि १ एप्रिल २०२४ पासून ते लागू झालं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं देणं पंधरा किंवा पंचेचाळीस दिवसांच्या मुदतीत दिलं नाही, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत उत्पन्नातून वजा होत नाही. याचा परिणाम मोठ्या कंपन्यांच्या अकाउंट्स खात्यात लगेच जाणवला, कारण आता उशिराची झळ त्यांच्याच करावर बसते. त्याची दुसरी बाजूही आहे. या कलमाच्या धास्तीने काही खरेदीदार नोंदणी नसलेल्याकडे किंवा मध्यम उद्योगाकडे ऑर्डर वळवतील, ही भीती व्यापार-उद्योगातल्या लोकांनी बोलून दाखवली. ती खोटी नाही. तरीही कायदा असताना त्यावर गप्प बसून काम मिळवत राहणं हा काही मार्ग नव्हे.

भांडण टाळून पैसे लवकर हवे असतील तर ट्रेड्स नावाची सोय आहे. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने ती २०१७ पासून चालू आहे. आरएक्सआयएल, एम१एक्स्चेंज आणि इन्व्हॉइसमार्ट हे तिचे जुने मंच. छोटा उद्योजक बिल चढवतो, खरेदीदार ते मान्य करतो, बँका त्यावर बोली लावतात आणि एक-दोन दिवसांत रक्कम खात्यात येते. व्याजदर मोठ्या खरेदीदाराच्या पतपात्रतेवरून ठरतो, त्यामुळे तो आपल्या सीसीपेक्षा कमी पडू शकतो. पुढे खरेदीदाराने पैसे बुडवले तरी बँक छोट्या उद्योजकाकडे वसुलीला येत नाही. अडीचशे कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना या मंचावर नोंद करणं ३१ मार्च २०२५ पर्यंत बंधनकारक केलं होतं. नोंद सक्तीची, पण बिल मान्य करणं त्यांच्या मर्जीवर. इथे सरकारने हात आखडता घेतला असं मला वाटतं. नोंद करून मंचाकडे ढुंकूनही न बघणाऱ्या कंपनीला कायद्याने विचारायला हवं.

कर्जयोजनांबद्दल थोडक्यातच. तारण नसलेल्याला सीजीटीएमएसई या कर्जहमी ट्रस्टच्या हमीवर कर्ज मिळतं, आणि २०२५ पासून ही हमी दहा कोटींपर्यंतच्या कर्जाला आहे. मुद्रा योजनेत ‘तरुण’ गटातलं आधीचं कर्ज फेडलेल्याला आता वीस लाखांपर्यंत मिळू शकतात. मशीनसाठी, वाढीसाठी ही कर्जं जरूर घ्यावीत. थकलेल्या येण्याची पोकळी भरायला घेऊ नयेत. पोकळी तशीच राहते आणि वर हप्ता चालू होतो.

आता मुख्य अडचण. हे सगळं माहीत असूनही उद्योजक गप्प बसतो, कारण तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाईल. ही भीती अगदी खरी आहे, आणि सगळं काम एकाच पार्टीकडून येत असेल तर कुठलंच कलम तिच्यापुढे चालत नाही. पिंपरी-चिंचवडने हे अवलंबित्व जवळून पाहिलंय. बजाज ऑटोने २००७ मध्ये आकुर्डीच्या कारखान्यातलं उत्पादन थांबवलं. २०१९ च्या मंदीत वाहन कारखान्यांनी उत्पादनाचे दिवस कमी केले. अशा वेळी एकाच कारखान्याचे भाग काढणाऱ्या शेडला वसुलीचाच काय, कसलाच आवाज उरत नाही. एका पार्टीचं काम एकूण कामाच्या एक तृतीयांशावर जाऊ द्यायचं नाही, हा नियम मला योग्य वाटतो. तो पाळणं अवघड आहे. पंप, शेती अवजारं, अन्नप्रक्रियेची यंत्रं अशा वाहनांबाहेरच्या क्षेत्रातली लहान कामं कमी दरात का होईना धरावी लागतात आणि त्यात वर्ष-दोन वर्षं जातात. पण दुसरं गिऱ्हाईक दारात असलेला माणूस पहिल्या गिऱ्हाइकाशी वेगळ्या आवाजात बोलतो.

याच संदर्भात लिज्जत पापडची गोष्ट आठवते. आपण ती स्वावलंबनाची म्हणून सांगतो; मला ती पैशाच्या फिरण्याची वाटते. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. लाटणाऱ्या बहिणीला तिची ‘वणाई’ रोजच्या रोज देण्याची पद्धत तिथे रुजली. रोज मजुरी द्यायची तर रोज पैसा यायलाच हवा, मग अख्खा धंदा त्या अटीवर उभा करावा लागतो. आज घरून फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या बायकांना यातून घेण्यासारखं आहे. बेसन, तूप, सुकामेवा आधी रोखीने आणायचा आणि चकली-अनारशांचे पैसे भाऊबीजेनंतर मागत बसायचं, यात सगळी जोखीम त्यांचीच असते. ऑर्डर नोंदवताना निम्मी रक्कम घ्यावी. ओळखीच्या माणसाला याचा राग येत नाही. नियम सगळ्यांना सारखा आहे, एवढंच त्याला दिसावं लागतं.

जुन्या येण्यांबद्दल एक गोष्ट राहिली. दिवाणी दाव्याने वसुली करायची तर साधारण तीन वर्षांची मुदत असते. दरवर्षी मार्चअखेर पार्टीकडून बाकी मान्य असल्याचं सहीशिक्क्याचं पत्र घेतलं, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. चेक परत आला तर बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस, पार्टीला पंधरा दिवस, आणि त्यानंतर महिन्याभरात तक्रार. यातला एक टप्पा चुकला की प्रकरण कमजोर होतं, म्हणून चेक परत आला त्याच दिवशी वकिलाकडे जावं.

हा लेख वाचणाऱ्यांत मोठ्या कंपन्यांच्या खरेदी आणि अकाउंट्स खात्यात बसणारेही पुष्कळ असतील. सूक्ष्म-लघु उद्योगांचं पंचेचाळीस दिवसांवरचं देणं कंपनीला दर सहामाहीला एमएसएमई-१ या नमुन्यात कळवावं लागतं. एप्रिल ते सप्टेंबरचं विवरण ३१ ऑक्टोबरपर्यंत जातं. त्या यादीतली नावं तुमच्यासमोर नुसते व्हेंडर कोड म्हणून येतात. यादी भरायला घेण्याआधी ट्रेमध्ये अडकलेली बिलं एकदा काढून बघा. पीओ नंबरच चुकला असेल तर त्या उद्योजकाला आजच फोन करून सांगा. दुरुस्त बिल तो तासाभरात पाठवेल.