वादळाचा शंकू आणि वीस ठिपके

मे महिना उजाडला की ऑफिसातल्या कोकणी मंडळींच्या मोबाइलवर दोन गोष्टी हमखास येऊन पडतात. एक, हापूसच्या पेटीचा भाव. आणि दुसरी, अरबी समुद्राचा तो नकाशा! मधोमध एक रेघ आणि तिच्याभोवती पुढे पुढे रुंद होत गेलेला शंकू. लगेच कुणीतरी म्हणतंच, "रेघ तर अलिबागवरून जातेय. आपलं दापोली सेफ आहे रे!"

सेफ वगैरे काही नाही, बॉस.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा सगळ्यांच्या तोंडी अलिबाग आणि मुंबई. हवामान खात्याने खरं तर हरिहरेश्वर ते दमण असा लांबलचक पट्टा सांगितला होता, अलिबागच्या आसपास. आपण फक्त अलिबाग ऐकलं. वादळ लागलं ते त्याच पट्ट्याच्या दक्षिण टोकाकडे, दिवेआगर-श्रीवर्धनला. मुंबई बऱ्यापैकी सुटली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली-मंडणगडमध्ये मात्र घरांची छपरं उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. नवीन लावलेली पोफळ उत्पन्न द्यायला काही वर्षं घेते, म्हणजे एका दुपारचा हिशेब किती लांबला बघा. अंदाज तसा बरोबरच होता. तो वाचायची आपली पद्धत चुकली.

मग हा शंकू म्हणजे नक्की काय? मागच्या काही वर्षांत अंदाज प्रत्यक्षापासून किती किलोमीटर हुकले, ते मोजतात आणि तेवढ्या मापाची वर्तुळं रेघेवर ठेवत जातात. उद्याचं वर्तुळ छोटं, परवाचं मोठं. त्यांना जोडलं की शंकू तयार. अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राने २००२ पासून असा शंकू दाखवायला सुरुवात केली. तिथे बरीच वर्षं हिशेब असा होता की तीनपैकी साधारण दोनदा वादळाचा मध्य शंकूत राहतो. म्हणजे तिसऱ्यांदा तो बाहेरही जाणार!

आणखी एक गंमत. शंकू रुंद झाला की लोकांना वाटतं वादळ वाढतंय. वाढते ती फक्त अनिश्चितता. वादळ केवढं आहे, हे शंकू सांगतच नाही. मे २०२१ मधलं तौक्ते आठवतंय? त्याचा डोळा रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आलाच नाही, समुद्रातूनच वर सरकत १७ मे च्या रात्री सौराष्ट्राला लागला. तरीही रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बागांमध्ये आंब्यांचा सडा पडला.

थोडक्यात, शक्यता दाखवायला रेघ हे फारच फसवं चित्र आहे. कॉलेजात घोकलेला तो घंटेच्या आकाराचा आलेखही तसाच. दिसायला देखणा, पण त्यावरून नऊची बस पकडायची की साडेनऊची, हे काही कळत नाही. मॅथ्यू के, जेसिका हलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये नेमका बसचाच प्रश्न घेतला आणि तोच आलेख वीस ठिपक्यांत मांडला. एक ठिपका म्हणजे पाच टक्के शक्यता. ठिपके मोजता येतात, त्यामुळे लोकांचे अंदाज जास्त नेमके आले.

आता समजा, शनिवारी सकाळी दहाला रत्नागिरीत मावसभावाचा साखरपुडा आहे आणि तुम्ही शुक्रवारी रात्री मुंबईहून निघताय. वीसपैकी तीन ठिपके दहाच्या पलीकडे पडले, तर पंधरा टक्के शक्यता आहे की पेढे संपल्यावरच पोहोचाल. "सरासरी आठला पोहोचतो" या वाक्यात हे तीन ठिपके कुठे दिसतात?

हे चित्र काढायला पैसे लागत नाहीत. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० च्या दशकात सुरू केलेलं 'आर' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात 'जीजीप्लॉट२' आणि के यांचंच 'जीजीडिस्ट' टाकलं की चार-पाच ओळींत ठिपके हजर. सुरुवात वादळापासून कशाला करायची? महिनाभर ऑफिसात पोहोचायची वेळ लिहून ठेवा, सोमवारचे ठिपके वेगळ्या रंगात काढा. साहेबांना दाखवायचे की नाही, ते तुमचं तुम्ही बघा!