बिल्ला अमेरिकेचा, जन्म कोरियाचा

बडोद्याहून गोध्र्याच्या रस्त्याने चाळीसेक किलोमीटर गेले की पावागडच्या पायथ्याजवळ हालोल लागते. तिथल्या कारखान्यात जनरल मोटर्सने १९९६ पासून गाड्या बांधल्या. आधी ओपेल आणि २००३ पासून शेवरोले. बिल्ला अमेरिकी होता, पण गाड्यांची कुळकथा वेगळी होती. ऑप्ट्रा ही मुळात दैवूची लासेटी, अ‍ॅव्हिओ ही दैवूची कालोस आणि स्पार्क म्हणजे दैवूने १९९८ मध्ये भारतात आणलेल्या मॅटिझची पुढची पिढी. दैवू मोटर्स २००० मध्ये दिवाळखोरीत निघाली आणि दोन वर्षांनी तिचा बराचसा संसार जनरल मोटर्सकडे आला. त्यामुळे ‘कोरियन गाडी घ्यावी का?’ असे विचारणाऱ्या कितीतरी बडोदेकरांच्या दारात ती आधीच उभी होती, त्यांना पत्ता नव्हता इतकेच.

मे २०१७ मध्ये कंपनीने भारतातली विक्री बंद करण्याची घोषणा केली. हालोलचा कारखाना एमजीकडे गेला. बीट जिथे बनायची तो तळेगावचा कारखाना पुढे चक्क ह्युंदाईने घेतला. तो व्यवहार जानेवारी २०२४ मध्ये पुरा झाला. घोषणेच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी एखाद्या स्पार्कचे इंजिन तेच होते, तरी जुन्या बाजारात तिच्याकडे बघण्याची नजर बदलली. हा निव्वळ भित्रेपणा नव्हता. विश्वासार्हतेच्या शास्त्रात दोन गोष्टी वेगळ्या मोजतात: यंत्र किती काळाने बिघडते आणि बिघडल्यावर दुरुस्त व्हायला किती वेळ लागतो. पहिल्या आकड्याला दोन्हींच्या बेरजेने भागले की यंत्राची ‘उपलब्धता’ मिळते. कंपनी गेल्यावरही ऑइल फिल्टर आणि ब्रेक पॅड मिळत राहतात, कारण ते बाहेरचे लोकही बनवतात. अडते ते ठरावीक मॉडेलच्या बंपरपाशी, हेडलाइटपाशी, इंजिन कंट्रोल युनिटपाशी. गाडी वर्षातून एकदाच बिघडली, पण महिनाभर गॅरेजमध्ये उभी राहिली, तर मालकाच्या लेखी ती भरवशाची नाही.

आता पहिल्या आकड्याकडे, म्हणजे बिघाड कधी होतो याकडे वळू. वालोडी वायबुल या स्वीडिश अभियंत्याने १९५१ मध्ये एक सूत्र मांडले, ते आजही वापरात आहे. त्याच्या निबंधातल्या उदाहरणांत बोफोर्सच्या पोलादाशेजारी भारतीय कापसाच्या तंतूंची ताकदही आहे. या सूत्रातला एक आकडा बिघाडाचा स्वभाव सांगतो. तो १ पेक्षा कमी असेल तर दोष जन्मजात, जे टिकले ते पुढेही टिकणार. तो १ असेल तर बिघाडाला वयाशी देणेघेणे नाही. १ पेक्षा जास्त असेल तर भाग झिजतो आहे आणि दर वर्षागणिक धोका वाढतो आहे.

मोटारीत हे तिन्ही स्वभाव एकत्र नांदतात. ह्युंदाईचीच दोन छोटी इंजिने घ्या. सँट्रो झिंगच्या १.१ लिटर इंजिनात टायमिंग बेल्ट रबराचा आहे. २००८ मध्ये आय-टेनमध्ये आलेल्या १.२ लिटर कॅप्पा इंजिनात त्या जागी लोखंडी साखळी आहे. चालत्या गाडीत पट्टा तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावे लागते आणि जुन्या सँट्रोच्या किमतीच्या मानाने बिल अंगावर येते. साखळी सहसा आयुष्यभर चालते, पण ऑइल वेळेवर बदलले नाही तर ढिली पडते आणि सकाळी पहिल्या स्टार्टला खडखडते. म्हणजे एकीच्या मालकाला पट्टा बदलल्याची पावती मागायची आणि दुसरीचे इंजिन गार असताना कान देऊन ऐकायचे. कंपनी एक, तपासणी दोन.

रबराचे आणखी एक आहे. ते किलोमीटरने झिजते तसे नुसत्या वयानेही कडक होते आणि बडोद्याच्या मे महिन्यात, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत, जरा लवकरच होते. ‘सिंगल ओनर, चौदा वर्षांत फक्त तीस हजार किलोमीटर’ ही जाहिरात वाचून हरखणाऱ्याने हे लक्षात ठेवलेले बरे. पट्टा, कूलंटचे होज, इंजिनाची माउंटिंग, टायर ही सगळी मंडळी चौदा वर्षांचीच असतात. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ते तेवढे वाचले तरी विक्रेत्याच्या अर्ध्या गोष्टी पडताळता येतात.

कोरियन गाड्यांच्या नावावरचा मोठा डाग अमेरिकेतला आहे. २.४ लिटर थीटा-२ इंजिनाच्या क्रँकशाफ्टमध्ये यंत्रकामाच्या वेळी धातूचे कण राहिले, बेअरिंगपर्यंत जाणारे ऑइल अडले आणि इंजिने जाम झाली. २०१५ आणि २०१७ मध्ये मिळून लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. तोच काळ भारतात कॅप्पा इंजिनाच्या आय-टेनचा होता आणि क्रँकशाफ्टचा हा दोष त्या इंजिनाचा नव्हे. भारतात फेब्रुवारी २०२४ मध्ये ह्युंदाईने ७,६९८ क्रेटा आणि व्हर्ना परत बोलावल्या, कियाने ४,३५८ सेल्टॉस. कारण होते ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या इलेक्ट्रॉनिक ऑइल पंपाचा कंट्रोलर. मॅन्युअल गिअरच्या क्रेटाचा त्याच्याशी संबंध नाही. देशाच्या नावावर गुण द्यायचे ठरवले तर या सगळ्याची खिचडी होते.

सर्वेक्षणांचे आकडेही जपून वाचावेत. जे. डी. पॉवरची अमेरिकेतली प्रसिद्ध टिकाऊपणाची पाहणी तीन वर्षांच्या गाड्यांची असते. जुनी गाडी घेणारा सात-आठ वर्षांची घेतो. वायबुलच्या भाषेत, झिजेचा काळ सुरू व्हायच्या आत पाहणी आटोपलेली असते.

बाजारात आलेला माल रस्त्यावरच्या मालासारखा नसतो, ही अडचण मात्र कोणत्याच पाहणीत सुटत नाही. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये यावर निबंध लिहिला आणि उदाहरण जुन्या मोटारींचेच घेतले. नियतकालिकांनी तो आधी परत पाठवला होता. २००१ मध्ये अकरलॉफला नोबेल मिळाले ते याच विचारासाठी. गाडीची खोड विकणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सरासरी भाव देतो आणि त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकतच नाही. आपल्याकडे तर चांगली सँट्रो भाच्याला दिली जाते, ती दलालापर्यंत पोहोचतच नाही.

म्हणून शेवटी समोर उभी असलेली गाडीच बोलकी करावी लागते. स्टिअरिंगखाली, चालकाच्या गुडघ्याजवळ, सोळा पिनांचे सॉकेट असते. त्यात स्कॅनर लावला आणि एकही बिघाड दिसला नाही, तर लगेच खूश होऊ नये. दाखवण्याआधी बिघाडाच्या नोंदी पुसणे हा दोन मिनिटांचा उद्योग आहे. पण बऱ्याच गाड्यांत ‘नोंदी पुसल्यापासूनचे अंतर’ वेगळे साठवलेले असते. ते अकरा किलोमीटर निघाले आणि इंजिनाच्या स्वयंचाचण्या ‘अपूर्ण’ दिसल्या, की आदल्या संध्याकाळी काय झाले ते समजते. अशा वेळी आठवडाभर गाडी चालू द्यावी आणि पुन्हा स्कॅन करावे. विक्रेता याला का-कू करू लागला तर तेही उत्तरच.

बडोद्यात यापुढची चौकशी विश्वामित्रीची. ऑगस्ट २०२४ च्या पुरात नदी धोक्याच्या पातळीच्या दहा फुटांहून वर गेली आणि असंख्य गाड्या बुडाल्या. पाणी दाबले जात नाही. ते सिलिंडरमध्ये असताना स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. तो बदलता येतो. वायरिंगच्या जोडांत शिरलेला गाळ मात्र सावकाश काम करतो. एअरबॅगचा कंट्रोलर अनेक गाड्यांत दोन सीटच्या मध्ये, जमिनीलगत बसवलेला असतो आणि हिरवा गंज तिथे वर्षभरानेही उमटतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला तर आतल्या टोकाशी मळकट रेघ दिसते, कारण धुणारे तिथवर जात नाहीत. स्टेपनीखालची जागा आणि सीटच्या रुळांचे स्क्रूही पाहावेत.

रेघ धुतली गेली असेल तर विम्याचे जुने कागद मागावेत. नो क्लेम बोनस दर बिनदाव्याच्या वर्षी वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि दावा केला की पुढच्या नूतनीकरणात शून्यावर येतो. २०२४ च्या सुरुवातीच्या पॉलिसीवर ४५ आणि २०२५ च्या पॉलिसीवर शून्य असेल, तर दावा कसला होता आणि दुरुस्तीचे बिल कुठे आहे, हे भावाची बोलणी सुरू करण्याआधी विचारायचे.